मामू, तीन तासांत होईल का?

मागच्या जानेवारीतली गोष्ट. रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. ती मिरजेला, मी पुण्यात. बारावी सायन्सला होती. आवाज दबका, कारण घरात बाकी सगळे झोपलेले.

"मामू, खरं सांगा. मला रोज तीनच तास मिळतात. सीईटी होईल का?"

मी सवयीने म्हणणार होतो, "का नाही होणार? मेहनत कर, बाकी अल्लाहवर सोड." पण तिने मेहनतीबद्दल विचारलंच नव्हतं. तिने तासांबद्दल विचारलं होतं. म्हणून मी उलट विचारलं, "तीन तास कसे मोजलेस?"

तिने सांगितलं ते असं : सकाळी सातला ज्युनियर कॉलेज. एक वाजता घरी. जेवण, भांडी. मग धाकट्या दोन भावांना शाळेतून आणणं, त्यांचा अभ्यास घेणं. संध्याकाळी स्वयंपाकात हातभार. कुणी पाहुणे आले तर चहा-नाश्ता तिच्याकडेच. रात्री नऊनंतर पुस्तक. क्लास नाही. मोबाईल अब्बांचा, तो रात्रीच हाती येतो.

हा लेख अशा मुलामुलींसाठी आहे. ज्यांना दहा तास मिळतात त्यांच्यासाठी सल्ल्यांची कमी नाही. दरवर्षी निकालानंतर पेपरात मुलाखती येतात : "मी रोज बारा तास अभ्यास करायचो, आईने पाण्याचा ग्लासही हातात दिला." चांगलं आहे. पण ज्याला दुपारी गॅरेजमध्ये अब्बांच्या हाताखाली उभं राहायचं आहे, जिला चार माणसांच्या चपात्या लाटायच्या आहेत, त्यांनी हा सल्ला वाचून काय करायचं? तो वाचला की फक्त एवढंच वाटतं, की आपलं काम नाही हे.

माझं म्हणणं साधं आहे. कमी तासांत सीईटीची तयारी होते, पण दहा तासांचं वेळापत्रक लहान करून होत नाही. त्यासाठी वेगळाच हिशोब मांडावा लागतो. आणि त्या हिशोबातला अर्धा भाग विद्यार्थ्याचा असतो, अर्धा घराचा. आपण नेहमी पहिल्याच अर्ध्याबद्दल बोलतो.

आधी हिशोबाची वही

आमचं गादीचं दुकान होतं. कापूस पिंजायचा, खोळीत भरायचा, टाके घालायचे. बारावीत असताना माझी दुपार आणि संध्याकाळ दुकानात जायची. सीईटी उन्हाळ्यात, आणि लगीनसराईही उन्हाळ्यातच. नवरीच्या रुखवतासाठी गाद्या, उशा, लोड यांच्या ऑर्डरी ऐन परीक्षेच्या तोंडावर यायच्या. गल्ल्यामागे बसून मी पुस्तक उघडलं की अब्बांचा आवाज : "किताब बाद में, गिऱ्हाइक खडा है."

माझ्या एका मित्राने मोठ्या शहरात क्लास लावला होता. त्याचं वेळापत्रक मी जसंच्या तसं उतरवून भिंतीला चिकटवलं. सकाळी पाच ते सात फिजिक्स, तीन ते सहा मॅथ्स, असं. दहा दिवसांत ते कोसळलं. तीन ते सहा मी कापसात बसलेला असायचो. रोज रात्री भिंतीकडे बघून आणखी एक दिवस वाया गेला असं वाटायचं, आणि त्या वाटण्यातच उरलेला तासही जायचा.

अब्बांची एक वही होती. कापूस किती किलो आला, कोणत्या गादीत किती गेला, किती उरला. शाळा चौथीपर्यंतची, पण वहीत चूक नाही. एका रात्री त्याच वहीच्या मागच्या पानांवर मी आठवडाभर माझे तास लिहिले. ठरवलेले नव्हे, खरोखर मिळालेले. आठवड्याचे एकवीस निघाले. रोजचे सरासरी तीन.

आज मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे एखादा प्रोग्रॅम हळू चालत असेल तर नवा इंजिनियर लगेच कोड बदलायला बसतो. जुना इंजिनियर आधी मोजतो, की वेळ नेमका कुठे जातोय. बहुतेक वेळा तो आपल्याला वाटतो तिथे जात नसतो. तुम्हीही आधी सात दिवस फक्त मोजा. किती तास मिळाले, कोणत्या वेळी, सलग की तुटक, डोकं ताजं होतं की मिटत होतं. मोबाईलवर गेलेला वेळही लिहा, स्वतःपासून लपवू नका. हा आकडा लहान निघाला तरी तो तुमचा खरा आकडा आहे, आणि खऱ्या आकड्यावरच योजना उभी राहते.

परीक्षा काय मागते

दुसरं काम, परीक्षा समजून घेणं. अनेक मुलं पुस्तक उघडतात, पण राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाची, म्हणजे सीईटी सेलची माहिती पुस्तिका उघडत नाहीत. ती एकदा नीट वाचायला एक तास लागतो आणि त्यातून पुढचे पन्नास तास वाचतात.

इंजिनियरिंगसाठीच्या पीसीएम गटात फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्सचे प्रत्येकी ५० प्रश्न असतात. फिजिक्स-केमिस्ट्रीला प्रत्येक प्रश्नाला १ गुण, मॅथ्सला २. एकूण २०० गुण. म्हणजे निम्मे गुण एकट्या मॅथ्सचे. फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. मॅथ्सच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे प्रत्येकी १०८ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रत्येक विषयात साधारण ४० प्रश्न बारावीवर आणि १० प्रश्न अकरावीच्या निवडक धड्यांवर. त्या निवडक धड्यांची यादी पुस्तिकेत असते. अभ्यास सुरू करताना आपल्या वर्षाची पुस्तिकाच बघा, कारण नियम बदलू शकतात.

या चार-पाच ओळींतून कमी वेळवाल्यासाठी बरंच काही निघतं.

एक, बोर्डाचा आणि सीईटीचा अभ्यास वेगळा नाही. ५० पैकी ४० प्रश्न जिथून येतात तो अभ्यासक्रम बारावीचाच आहे. बोर्डाचा धडा संपला की त्याच रात्री त्या धड्यावरचे पर्यायी प्रश्न सोडवा. आणि बोर्डाला हलकं घेऊ नका. प्रवेशासाठी बारावीत पीसीएमला किमान ४५ टक्के लागतात, मागासवर्गीयांना ४०.

दोन, संपूर्ण अकरावी पुन्हा वाचायला बसू नका. मॅथ्समध्ये स्ट्रेट लाइन, सर्कल, प्रॉबेबिलिटी, कॉम्प्लेक्स नंबर्स, पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन, फंक्शन्स, लिमिट्स अशा ठराविक धड्यांपुरतंच अकरावीचं पुस्तक उघडायचं. जे यादीत नाही ते सोडून द्यायचं. मनाला त्रास होईल, पण सोडून द्यायचं.

तीन, एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही. समजा मॅथ्सचे ३० प्रश्न तुम्ही नीट सोडवलेत आणि २० राहिले. चार पर्यायांतला एक अंदाजाने निवडला तरी सरासरी पाच बरोबर येतात. दहा गुण झाले. शेवटची तीन मिनिटं यासाठी राखून ठेवा.

चार, निकाल पर्सेंटाईलमध्ये लागतो. ९० पर्सेंटाईल म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. त्या सत्रात बसलेल्यांपैकी ९० टक्के विद्यार्थ्यांना तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण आहेत, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे सगळं आलंच पाहिजे ही भीती काढून टाका. जे येतं ते चुकू नये, याची काळजी जास्त घ्या.

अडीचशे तासांचं वाटप

भाचीच्या फोनपासून सीईटीपर्यंत साधारण शंभर दिवस होते. रोजचे तीन म्हणजे तीनशे तास. त्यातले पन्नास मी सुरुवातीलाच वजा करायला सांगितले. आजारपण, कुणाचं लग्न, बोर्डाचे भाषेचे पेपर, प्रॅक्टिकल. हे येणारच. दहा तासवाल्याचा एक दिवस गेला तर तो भरून काढतो, तीन तासवाल्याला ती सोय नसते. म्हणून खाडा आधीच धरायचा.

उरले अडीचशे. मॅथ्सला ११०, फिजिक्सला ६०, केमिस्ट्रीला ५०, आणि सराव परीक्षांना ३०. सराव परीक्षा सहाच, पण प्रत्येक पूर्ण तीन तासांची, घड्याळ लावून, आणि त्यानंतर चुका तपासायला दोन तास. चुका न तपासता दिलेल्या वीस परीक्षांपेक्षा या सहा बऱ्या.

चुकांची वही वेगळी ठेवा. तीन रकाने : येत नव्हतं, येत होतं पण घसरलो, वेळ पुरला नाही. पहिल्या रकान्यासाठी पुस्तक, दुसऱ्यासाठी सावकाश लिहिण्याची सवय, तिसऱ्यासाठी घड्याळ. औषध प्रत्येकाचं वेगळं. बहुतेक मुलं तिन्हींवर एकच औषध घेतात : पुन्हा पहिल्यापासून वाचणं.

मॅथ्समध्ये क्रम महत्त्वाचा. मॅथेमॅटिकल लॉजिक, मॅट्रायसेस, लिनियर प्रोग्रॅमिंग, प्रॉबेबिलिटी डिस्ट्रिब्युशन, बायनॉमियल हे धडे दुसऱ्या धड्यांवर फारसे अवलंबून नाहीत. ते आधी हातावेगळे करा, हुरूप येतो. मग डिफरन्सिएशन आणि इंटिग्रेशन. हे दोन कच्चे राहिले तर अ‍ॅप्लिकेशन्स, डेफिनिट इंटिग्रल, डिफरन्शियल इक्वेशन्स सगळेच लंगडतात. म्हणून तुमचे सर्वांत चांगले तास या दोघांना द्या.

केमिस्ट्रीसाठी बोर्डाचं पुस्तक ओळ न् ओळ वाचा. ते बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. जाडजूड गाइड विकत घेता आलं नाही म्हणून कुणी मागे पडत नाही. तीन गाइडं घेऊन एकही न संपवणारे मात्र मी बरेच पाहिलेत.

सलग वेळ, तुटक वेळ

दुकानात दर पाच मिनिटांनी गिऱ्हाइक यायचं. त्या वेळात इंटिग्रेशन होत नाही. गणित सोडवताना डोक्यात चार गोष्टी एकाच वेळी धरलेल्या असतात. मध्ये कुणी उशीचा भाव विचारला की चारही खाली पडतात, आणि पुन्हा उचलायला दहा मिनिटं जातात.

पण त्याच वेळात सूत्रं पाठ होतात. मी गादीच्या खोळीबरोबर येणाऱ्या पुठ्ठ्याचे पत्त्यांएवढे तुकडे कापले. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. फिजिक्सची सूत्रं, केमिस्ट्रीच्या रिअ‍ॅक्शन्स. शर्टाच्या खिशात वीस तुकडे. एक गिऱ्हाइक गेलं, दुसरं येईपर्यंत दोन पुठ्ठे. उलटं करून उत्तर बघायच्या आधी स्वतः आठवायचं. नुसतं वाचत राहिल्याने येतंय असा भास होतो. आठवायचा प्रयत्न केला की खरं काय येतं ते कळतं, आणि त्या प्रयत्नानेच ते पक्कं बसतं. आज वाचलेलं तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी पुन्हा आठवायचं. कमी वेळवाल्याला विसरणं परवडत नाही.

तेव्हा वेळाचे दोन ढीग करा. सलग एक तासाहून मोठा तुकडा मिळाला की फक्त मॅथ्स आणि फिजिक्सची गणितं. दहा-वीस मिनिटांचे तुकडे, म्हणजे बस, दुकान, दूध तापेपर्यंतचा वेळ, हे पाठांतर आणि उजळणीसाठी. उलटं केलंत तर दोन्ही वाया जातील.

सध्याच्या काही वर्षांत रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास येतो. रोजे ठेवणाऱ्या मुलांना मी एवढंच सांगेन, की दिवस कसा बदलतो ते आधी ओळखा. सहरीनंतर, फजरची नमाज झाली की डोकं ताजं असतं, घर शांत असतं. तो दीड तास मॅथ्सचा. असरनंतर थकवा येतो, तेव्हा नवं काही घेऊ नका, पुठ्ठे उलटा. आणि रात्रभर जागून सहरीनंतर दुपारपर्यंत झोपायची सवय लावू नका. पेपर सकाळी असला तर ती नडते.

एका इंग्रजी शब्दाने गेलेले गुण

आपल्यातले बरेच जण दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेले असतात. सीईटीत फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रश्न मराठी आणि उर्दूतूनही घेता येतात. मॅथ्सचे मात्र इंग्रजीतच. अर्ज भरताना माध्यम निवडण्याआधी हे लक्षात घ्या. अकरावी-बारावी इंग्रजीतून केली असेल तर त्याच शब्दांची सवय झालेली असते, मग ऐनवेळी उर्दू किंवा मराठी निवडून दुहेरी गोंधळ होतो.

मी दहावीपर्यंत उर्दूत शिकलो. एका सराव परीक्षेत तीन गणितं चुकली. रीत येत होती. 'रिस्पेक्टिव्हली' या शब्दाचा अर्थ 'त्याच क्रमाने' असा होतो, हे मला माहीत नव्हतं. सहा गुण एका शब्दाने नेले. त्यानंतर मॅथ्सच्या पुस्तकातले असे शब्द मी काढले : रिस्पेक्टिव्हली, पर्पेंडिक्युलर, टँजंट, अ‍ॅट लीस्ट, अ‍ॅट मोस्ट, डिस्टिंक्ट. शंभरही भरले नाहीत. चार दिवसांत पाठ झाले. भाषेची भीती डोंगराएवढी वाटते, पण परीक्षेपुरती ती दोन पानांची असते.

ते तास आले कुठून?

इथवर मी माझीच बढाई मारली. आता राहिलेली गोष्ट.

माझे तीन तास पुढे साडेचार झाले. लगीनसराईत ते कमी व्हायला हवे होते, वाढले. कारण संध्याकाळी खोळी शिवायला आणि टाके घालायला माझ्या जागी आपा बसू लागली. माझी मोठी बहीण. मी वरच्या खोलीत इंटिग्रेशन करायचो, आणि खाली ती मोठ्या सुईने गाद्या टाचायची. त्याआधी सकाळी स्वयंपाक, दुपारी अम्मीचं औषधपाणी. अम्मीची कंबर त्या दिवसांत धरलेली होती.

दहावीला आपाला माझ्यापेक्षा जास्त गुण होते. बारावी सायन्स तिनेही केली होती, प्रवेश परीक्षेची तयारीही माझ्या दोन वर्षं आधी सुरू केली होती. तिला रात्री भांडी झाल्यावरचे दोन तास मिळायचे, तेही डोळे मिटत असताना. तिचं झालं नाही. घरात सगळे म्हणाले, "नसीब." दोन वर्षांनी माझं झालं तेव्हा सगळे म्हणाले, "मेहनत." मीही तेच समजत होतो. बरीच वर्षं समजत होतो.

ना तिचं नशीब वाईट होतं, ना माझी मेहनत तिच्याहून जास्त. मला तिने तास दिले. तिला कुणी दिले नव्हते.

ही फक्त आमच्या घरची गोष्ट नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या स्त्रिया तेव्हा त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, आणि ही कामं करणारे पुरुष ९७. फरक तीन तासांहून जास्त आहे. एका विद्यार्थ्याचा अख्खा सीईटीचा अभ्यास त्या फरकात बसतो. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात होतं, की वीस वर्षांवरील मुसलमानांमध्ये पदवी किंवा पदविका घेतलेले चार टक्क्यांहून कमी आहेत. तो आकडा आपण भाषणांत वापरतो, सरकारला सुनावतो. सुनवायलाच हवं. पण आपल्याच घरात त्या मुलीच्या हातून पुस्तक काढून लाटणं कोण देतं, हेही विचारायला हवं.

घराने आणि मोहल्ल्याने काय करावं

पालकांना माझी एकच विनंती आहे : शंभर दिवस, रोज दोन तास, ठरलेल्या वेळी. त्या वेळात तिला किंवा त्याला हाक मारायची नाही. पाहुणे आले तरी नाही. पैसे लागत नाहीत. टीव्हीचा आवाज कमी करावा लागेल, आणि भाऊ असेल तर त्याला भांडी घासावी लागतील.

कागदपत्रांचं कामही पालकांनी करावं. जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल. बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा आपल्या अनेक बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत, पण दाखला काढलेला नसतो. मग ऐन परीक्षेच्या दिवसांत मुलगा तहसील कचेरीच्या रांगेत उभा. उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी माफीच्या जागांसाठी अर्ज करता येतो. २०२४-२५ पासून त्याच उत्पन्नमर्यादेत ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण आणि परीक्षा शुल्कात शंभर टक्के सवलत आहे. ही कागदं दिवाळीच्या सुटीतच तयार झाली तर मुलांचे कितीतरी तास वाचतील.

मोहल्ल्यातल्या संस्थांना आणखी थोडं. जून-जुलैत आपण गुणवंतांचे सत्कार करतो. शाल, ट्रॉफी, फोटो. त्या खर्चात एक खोली वर्षभर चालते. ट्यूबलाइट, दहा खुर्च्या, भिंतीला घड्याळ, एक जुना कॉम्प्युटर. मदरशाच्या किंवा शादीखान्याच्या खोल्या कितीतरी तास रिकाम्या असतात. संध्याकाळी सात ते दहा त्या उघड्या ठेवा. मुलींसाठी वेगळे दिवस किंवा वेगळी खोली ठेवा, घरी सोडायला कुणी बाजी असू द्या. ज्यांच्या घरात एकच खोली आहे, त्यांना क्लासपेक्षा शांत टेबलाची गरज जास्त आहे.

आणि नाही झालं तर? लगेच "ड्रॉप" घेऊ नका. आधी एक प्रश्न विचारा : पुढच्या वर्षी माझे तास खरोखर वाढणार आहेत का? वाढणार नसतील तर तोच तीन तासांचा दिवस पुन्हा जगण्यात वर्ष जाईल. मिळेल त्या कॉलेजात, मिळेल त्या शाखेत जाणं अनेकदा शहाणपणाचं असतं. घरात दहावीतला भाऊ-बहीण असेल तर त्याला आत्ताच सांगा, की दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करून थेट इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, सीईटी न देता. माझ्या टीममधले दोन उत्तम इंजिनियर त्या वाटेने आलेत.

पुन्हा तो फोन

भाचीला मी वही, वाटप, पुठ्ठे सगळं सांगितलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की अर्धंच काम झालंय. दुसऱ्या दिवशी तिच्या आईला फोन केला. म्हणजे आपाला.

म्हणालो, "आपा, संध्याकाळी सात ते नऊ तिला मोकळं सोड. शंभर दिवस."

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला कुणी सोडलं होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "नाही. आणि तुझे तास मी वापरले. म्हणूनच मागतोय."

तिने फोन ठेवला. मला वाटलं रागावली. चार दिवसांनी भाचीचा मेसेज आला : आता रोज पाच तास मिळतात. संध्याकाळची भांडी सातवीतला धाकटा भाऊ घासतो. पहिल्या आठवड्यात त्याने दोन कप फोडले, आणि अब्बा म्हणाले, फुटू देत.

तिला कॉम्प्युटर शाखा मिळाली नाही. इलेक्ट्रॉनिक्स मिळालं, घरापासून बसने जाता येईल अशा कॉलेजात. पहिल्या दिवशी तिला सोडायला आपा गेली होती. फाटकापाशी दोघींचा फोटो काढून भाचीने मला पाठवला. तो आता आमच्या घरात भिंतीवर आहे, कधीकाळी मी मित्राचं वेळापत्रक चिकटवायचो तशा जागी.